दुपारी विझणारा दिवा

नाना,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. पाहुणे पांगले. ह्यांच्या कुसुमआत्या काल पुण्याला परतल्या. तुमची नात मंजू अजून तिच्या मामाकडेच आहे आणि हे सकाळी पहिल्या पाळीला तळोज्याला गेले. मी उद्यापासून कचेरीत जाईन. वाशीच्या या घरात राहायला आल्यापासून अशी दिवसभर एकटी मी आज पहिल्यांदाच बसले आहे, तर म्हटलं आपलं अर्धवट राहिलेलं भांडण लिहून काढावं. तोंडानं भांडायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

खरं तर भांडण नाही, एक प्रश्न आहे. त्या सोमवारी दुपारी, वीज गेलेली असताना, त्या काचांच्या खोलीत तुमचा जीव गुदमरला का? ती खोली मी केली. तुम्ही नको म्हणत असताना केली. म्हणून विचारते.

डॉक्टरांना विचारून झालं. ते म्हणाले, झोपेतच गेले, हृदय थांबलं, त्रास झालेला दिसत नाही. मी त्यांना जिन्यात गाठून म्हटलं, "उकाड्यानं झालं का? वीज नव्हती चार तास." ते चपला घालता घालता म्हणाले, "बाई, शहात्तर म्हणजे वय झालं." मी विचारलं काय आणि ते बोलले काय. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "शैला, टेन्शन नको घेऊस." टेन्शन काय दुधाचं पातेलं आहे, घ्यायचं किंवा नाही घ्यायचं?

तुम्ही आमच्याकडे आलात तो दिवस मला नीट आठवतो. रत्नागिरीकडे ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढलेलं, शाळा, दवाखाने, डाक बंगले बांधलेले. सासूबाई गेल्यावर तुम्ही एक लोखंडी ट्रंक घेऊन आलात आणि चहासुद्धा न घेता आधी गच्चीवर गेलात. मी कप हातात घेऊन तुमच्या मागे. तेव्हा इथे होतं काय? खाडी, मिठागरं, भराव टाकलेली उघडी जमीन आणि त्यात आपल्यासारख्या चार-पाच इमारती. वाळत घातलेले पापड उडून जातील असा वारा. तुम्ही चारी बाजूंना तोंड करून उभे राहिलात आणि खाली येऊन म्हणालात, "बिल्डिंगला तोंड बरोबर दिलंय. ज्यानं कागदावर काढली त्याला वाऱ्याची अक्कल होती."

मग तुम्ही देवापुढची एक उदबत्ती घेतलीत आणि मला घरभर फिरवलंत. पश्चिमेच्या गॅलरीत धूर आत वळला, बाहेरच्या खोलीतून सरळ गेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडला. "हा बघ वाऱ्याचा रस्ता," तुम्ही म्हणालात. "दुपारी खाडीवरून येतो. हा मोकळा असेतो या घराला पंख्याची गरज नाही. पंखा वारा आणत नाही, आहे तोच ढवळतो." मला हसू आलं होतं. मी दादरच्या चाळीत वाढलेली. तिथे वारा म्हणजे वरच्या बाईनं चादर झटकली की जो येतो तो.

पहिल्या वर्षी मी तुम्हाला बरंच सोसलं, हे आज कबूल करते. तुम्ही आम्हाला त्याहून जास्त सोसलंत हेही करते. कोणी खोलीतून उठला की तुम्ही मागून जाऊन पंखा बंद करायचात. मी भांडी घासायला मोरीत गेले तरी माझा पंखा बंद. शिमगा झाला की चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन गच्चीवर. सोसायटीतले लोक म्हणायचे, नाना मोठ्या पोळपाटाला पीठ लावतायत. पण सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या आम्हा चारही घरांना त्या वर्षी रात्री तापलेला स्लॅब सोसावा लागला नाही. दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी तुम्हाला विचारलं, यंदा चुना कधी?

आणि ती तुमची भाताची पेटी. देवदाराच्या खोक्याला आतून जुनी गोधडी चिकटवलेली, वर उशीचं झाकण. भाताला उकळी आली की पातेलं त्यात ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. मी म्हटलं, हा काय पोरखेळ. तुम्ही म्हणालात, "उकळी आणायला जाळ लागतो. शिजायला नुसती ऊब पुरते." मी सात वाजून वीस मिनिटांची बस पकडणारी बाई. मला ती पेटी मनातून पटली ती सिलिंडर महिनाभर न मिळाल्याच्या वेळेला, आणि मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. उलट भात जरा फडफडीत झाला की ऐकवायचे. तुमच्या जेवणाचं मात्र मला बरं वाटायचं. संध्याकाळी पेटी उघडली की पातेलं स्वच्छ. गेल्या वर्षभरात तर मी भात एक वाटी वाढवला. ह्यांना म्हणायचे, नानांना इथलं पाणी मानवलं.

आता त्या खोलीकडे येते. टाळत होते.

तुम्ही गॅलरीत खाट टाकून राहायचात. तुम्हाला ते आवडायचं, मला माहीत होतं. पण एकदा माझ्या कचेरीतल्या दोघी घरी आल्या. त्यांतली एक खाट बघून हळूच म्हणाली, "सासरे गॅलरीत झोपतात?" एवढंच. तिच्या आवाजात काही नव्हतं, पण माझ्या कानात ते राहिलं. दोन खोल्यांच्या घरात सासऱ्याला बाहेर टाकलंय, असं लोक म्हणत असणार. शिवाय पावसाची झड, डास, भरावाच्या ट्रकांची धूळ. मी ठरवलं की गॅलरी बंद करून तुम्हाला खोली द्यायची. कठडा गजांचा होता, म्हणून जमिनीपासून वरपर्यंत लोखंडी चौकट आणि काचेची तावदानं. वर दोन उघडणाऱ्या खिडक्या, बाकी सगळं बंद.

तुम्ही आवाज चढवणारे नव्हतात. जेवताना म्हणालात, "सूनबाई, एक खोली वाढेल. पण तिन्ही खोल्यांचा वारा जाईल, हे धरून चाल."

मी म्हटलं, "दोन खिडक्या आहेत की वर."

"वारा वरून येत नाही. खालून येतो, वरून जातो. आणि पश्चिमेला काच म्हणजे दुपारी भट्टी."

"नाना, लोक मला नावं ठेवतात."

तुम्ही ताकाची वाटी खाली ठेवलीत. "तू पहिली असशील," म्हणालात. "तुझ्यामागून सगळे लावतील. मग कोणाच्याच घरात वारा राहणार नाही, आणि घरोघर चार पंखे फिरतील."

मी ऐकलं नाही. खोली झाली. मी पडदे शिवले, भिंतीला रंग दिला, तुमच्या उशाशी एक टेबलफॅन ठेवला. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. वर्षाच्या आत बारापैकी नऊ घरांनी गॅलऱ्या बंद केल्या. लोक माझ्याकडे येऊन विचारायचे, चौकट कोणाकडून केली? मी फुशारून पत्ता द्यायचे.

तुमची खोली मात्र तापली नाही. हेच तर माझं शस्त्र होतं. मी संध्याकाळी घरी आले की हात लावून बघायचे, उशी गार, खाट गार. टेबलफॅनवर धूळ बसलेली. दर रविवारी म्हणायचे, "बघा, उगाच घाबरवत होता." तुम्ही म्हणायचात, "हो, बरी आहे खोली." आज वाटतं, माणसानं एवढं पटकन हो म्हटलं की समोरच्यानं सावध व्हायला हवं.

आपलं भांडण होतं ते ट्रंकेवरून. पश्चिमेच्या काचेलगत ती ट्रंक. मी रविवारी झाडू मारताना तिला काचेला चिकटवून ठेवायचे, सोमवारी संध्याकाळी बघावं तर ती वीतभर पुढे ओढलेली. "नाना, पाय लागतो तिला." तुम्ही म्हणायचात, "लोखंडाला ओल लागते मागून." दोन वर्षं आपण दोघं ती ट्रंक मागे-पुढे करत होतो. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. तुमचं मत माझ्याबद्दल काय होतं, ते मी विचारलं नाही.

त्या सोमवारी वीज अकराला गेली आणि तीनच्या पुढे आली. हे साडेपाचला घरी आले. दार नुसतं लोटलेलं. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. ह्यांनी चहा केला, दोन कप भरले आणि मग तुम्हाला उठवायला गेले. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

त्या रात्री आत्यांनी तुमच्या खाटेच्या जागी परातीत गव्हाचं पीठ घालून त्यावर दिवा ठेवला. दहा दिवस विझू द्यायचा नाही. मी रजेवर होते, तेव्हा तेल-वात माझ्याकडे. काम सोपं होतं, बंद खोली, काचा लावलेल्या, वाऱ्याचं नाव नाही. रात्रभर ज्योत सरळ उभी. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता मी सहज डोकावले तर दिवा विझलेला. तेल होतं, वात होती. मी कोणाला न सांगता लावला. अडीचला परत विझला.

तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी शांत, संध्याकाळी शांत, आणि दुपारी एक ते चारच्या मध्ये ज्योत आडवी व्हायची, जणू कोणी शेजारी बसून फुंकर घालतंय. चौथ्या दिवशी आत्यांनी बघितलं. त्या काही कडक बाई नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "शैला, नाना गेले ती वेळ हीच ना गं? काही राहिलंय का त्यांचं? काही बोलाचाली झाली होती का?"

मी नाही म्हटलं. नाना, मी सरळ खोटं बोलले. आदल्याच दिवशी, रविवारी, आपली ट्रंकेवरून झाली होती. मी झाडू आपटून म्हटलं होतं, "तुमचं म्हणणं तरी काय आहे, या घरात माझं एकही काम नीट राहू द्यायचं नाही?" तुम्ही बाजूला झालात. मी ट्रंक काचेला चिकटवली आणि निघून आले. माझं तुमच्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं ते. सोमवारी सकाळी तर नुसतं "पेटीत भात आहे" एवढंच.

पुढचे दोन दिवस मी दुपारी त्या दिव्यापाशी ओंजळ धरून बसायचे.  मी शिकलेली बाई, कचेरीत बारा माणसांची कामं तपासते, आणि परातीतल्या पिठाकडे बघत मनातल्या मनात तुमच्या पाया पडत होते. नाना, खोली काढून टाकते, चौकट विकून टाकते, पण असं करू नका. ज्योत वाकायचीच.

सातव्या दिवशी मला जरा अक्कल आली. तुमच्यामुळेच आली म्हणायची. ज्योत रोज एकाच बाजूला, दाराकडे वाकत होती. फुंकर असेल तर ती पश्चिमेकडून होती, ट्रंकेच्या बाजूनं. दिव्याला आडोसा करावा म्हणून मी ट्रंक ओढायला गेले आणि वाकल्यावर माझ्या पावलांना वारा लागला.

ट्रंकेमागचं सगळ्यात खालचं तावदान नव्हतंच. तिथे बारीक तारेची जाळी होती. कडेनं लांबी, म्हणजे काच पक्की करायचा लेप, इतकी सफाईनं भरलेली, वर चौकटीचाच हिरवा रंग दिलेला, की ओव्हरसियरचा हात ओळखू यावा. बाजूला भिंतीशी एक फळी उभी, त्याच मापाची कापलेली, पावसाळ्यात लावायला. काढलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली होती. फोडलीसुद्धा नव्हतीत. उद्या सूनबाईला हवी झाली तर परत बसवता यावी म्हणून ठेवली असणार.

म्हणजे दोन वर्षं मी ज्या गार खोलीची बढाई मारत होते, ती त्या भोकामुळे गार होती. मी कचेरीत गेले की तुम्ही ट्रंक ओढायचात, दार उघडं ठेवायचात, स्वयंपाकघराची खिडकी उघडायचात, आणि आपल्या घरात पहिल्यासारखा वारा वाहायचा. संध्याकाळी मी यायच्या आत दार-खिडकी बंद. मी तिथेच जमिनीवर बसून हसले. आत्या धावत आल्या. त्यांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

हसू काही फार टिकलं नाही. लगेच पुढचा विचार आला आणि तो अजून गेलेला नाही. रविवारी ट्रंक मी चिकटवली होती. सोमवारी तुम्ही ती ओढलीत का? की माझ्या बोलण्याचं वाईट वाटून तशीच राहू दिलीत, आणि वीज नसताना, वाराही नसताना, त्या भट्टीत पडून राहिलात? दिवा ठेवला तेव्हा ट्रंक पुढे होती हे खरं. पण तुम्हाला उचलताना कोणी ती सरकवली असेल तर? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "अगं, त्या गडबडीत ट्रंक कोण बघतो?" शेजारच्या दोघांना विचारलं. एकाला वाटत होतं ती पुढे होती. दुसरा म्हणाला, आम्हीच ढकलली बहुतेक. मी रात्री डोळे मिटले की ट्रंकच दिसायची, कधी पुढे, कधी मागे.

विचारायला एकच माणूस उरलं होतं आणि तिथे जायची माझी हिंमत नव्हती. तळमजल्यावरच्या भोईरआजी. त्या इथल्या मूळ गावच्या. जिथे आज आपली इमारत आहे, तिथून हाकेच्या अंतरावर त्यांची भातशेती होती. मुलानं इथे जागा घेतली म्हणून त्या इथे आल्या. गेल्या उन्हाळ्यात पंपाच्या वेळेवरून मी त्यांच्याशी भर जिन्यात भांडले होते. त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या जमिनीव ऱ्हाता, नि मनाच पानी शिकवता?" आणि मी म्हटलं होतं, "जमीन होती तुमची. पाणी सगळ्यांचं आहे." हे वाक्य मला त्या वेळेला फार झकास वाटलं होतं. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. पण त्या दिवसभर जिन्याच्या तोंडाशी बसून असतात. त्या दुपारी वर कोण गेलं, कोण आलं, कुठून काय आवाज आला, हे त्यांनाच माहीत असणार. तुमच्या दहाव्यालासुद्धा त्या वर आल्या नव्हत्या. मला वाटलं, माझ्यावरचा राग.

आज दुपारी एक वाजता मी खाली गेले.

आजी त्यांच्या गॅलरीच्या खोलीत बसल्या होत्या. तीही बंद केलेली, माझ्याच चौकटवाल्याकडून, माझ्यासारख्याच काचांनी. आत पाऊल टाकलं आणि अंगाला घामाची धार लागली. पंखा डोक्यावर फिरत होता आणि गरम हवा ढवळत होता. आजींच्या मानेवर घामोळं उठलेलं. मला बघून त्या उठायला लागल्या, आणि नाना, त्या आतल्या दाराकडे वळल्या. मला वाटलं, या मला घाबरतायत.

मी बसले.  "आजी, नाना गेले त्या दिवशी..." एवढं म्हटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"तुला कोनी सांगितला?" त्या म्हणाल्या.

"काय सांगितलं?"

"मी वरती व्हते ते."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"मी रोज येयाची, बाय. तू गेलीस का येयाची. खालती वारा नाय. पोराला सांगितला, खिरकी खोल, तर तो बोलतो, चोर येल. तुजा सासरा बोल्ला, आजी, वरती या, हितं वारा हाय." त्या थांबत थांबत सांगत होत्या. वर्षभर, नाना. वर्षभर तुम्ही दोघं दुपारी त्या खोलीत बसत होता. त्या तांदळाची भाकरी घेऊन यायच्या आणि पेटीतला भात तुम्ही दोघं मिळून खायचात. तुम्ही त्यांना रत्नागिरीच्या बांधकामांच्या गोष्टी सांगायचात, त्या तुम्हाला कुठल्या महिन्यात खाडीचं वारं कुठून फिरतं ते सांगायच्या. आणि मी कचेरीत बसून विचार करायचे, म्हातारा दिवसभर एकटा भिंतीकडे बघत असेल.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला घाबरायचा तो," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून जरा सावरून घेतलं. "घाबरायचा म्हंजे, बोलायचा, ती थकून येते. तिना हौसेनं केलेली खोली हाय, तिला कशाला दुखवायचा?"

मला पहिलं वाक्यच खरं वाटलं. तुम्ही दुसरंही खरोखर म्हणाला असाल. दोन्ही असू शकतं, नाही का?

"त्या दिवशी ट्रंक पुढे होती का, आजी?"

"व्हती ना. मी आली तवा तोच वढीत व्हता. बोल्ला, काल सूनबाईनं पाक चिकटवलीन." त्या हे सांगताना हसल्या, आणि माझ्या छातीवरची धोंड तिथे उतरली. पण त्यांचं हसू लगेच मोडलं. "लाईट नव्हती. लय तलखी. मना चक्कर आल्यासारखी झाली. तर तो बोल्ला, आजी, तुमी खाटंवरून उठा, हितं ट्रंकंव बसा, वाऱ्याच्या तोंडाशी. नि तो गेला तिकरं भितीला, खाटंव, जितं माज्या आडोशानं वारा लागत नाय. मी बसली ती तितंच डोला लागला. दोन तास झोपली मी, बाय. त्याची जागा घेऊन झोपली. उठली तवा तो झोपलेला. मी बोल्ली, झोपूं दे. दार वढून खालती आली."

 मग म्हणाल्या, "त्याचा वारा मी खाल्ला. माज्यामुलं झाला. तवापासून मना झोप नाय. तुज्या तोंडाव कशी येऊ मी?"

सोळा दिवस, नाना. एका मजल्यावर मी आणि एका मजल्यावर त्या, दोघी तेच एक ओझं घेऊन बसलो होतो, आणि मधल्या जिन्यात पंपाचं भांडण आडवं पडलं होतं.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, मला हळू बोलता येत नाही. मी चांगलं ठासून म्हटलं, "आजी, तुमच्यामुळे काही झालेलं नाही. त्यांनी आपल्या मनानं जागा दिली. तुम्ही होतात म्हणून ते एकटे नव्हते. तुम्ही हे मनातून काढून टाका." त्यांनी मान हलवली. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या रडायला लागल्या, आणि मला कळलं की आता पटतंय.

मग मी वर येऊन घराची दुसरी किल्ली घेतली आणि त्यांच्या हातात नेऊन दिली. म्हटलं, उद्यापासून मी नसते, दुपारी या, खाली भाजून घेऊ नका. त्यांच्या मुलाशी मी बोलेन. नऊही घरांशी बोलेन. ज्या तोंडानं चौकटवाल्याचा पत्ता दिला त्याच तोंडानं सांगेन की खालचं एक तावदान काढा. काही हसतील, काही दार लावून घेतील, आणि एखाद्या घरात तोवर कोणा म्हाताऱ्याचं काही झालं तर, ही भीती मला आता रोज दुपारी राहणार आहे. राहू दे.

तुम्ही ट्रंक ओढली होतीत, हे मला कळलं. तुमच्यापाशी वारा होता आणि तो तुम्ही दुसऱ्याला दिलात, हेही कळलं. मला एवढ्यानं बरं वाटायला हवं होतं. पण नाना, ती खोली मी केली नसती तर त्या दुपारी दोघांना पुरेल एवढा वारा होता. आजींना मी जे तीनदा ठासून सांगितलं ते किती सोपं होतं, एका दमात सांगता आलं. तेच मला सांगू शकेल असं माणूस एकच होतं, आणि त्याला मी रविवारी झाडू आपटून गप्प केलं.